क्रशची कुळकथा

डोंबिवलीत ‘क्रश’ हा शब्द कानावर आला, की बोलणारं कोण ते आधी पाहावं. कॉलेजातल्या मुलीचा क्रश शेजारच्या वर्गात बसतो. बांधकामावरच्या मुकादमाचा क्रश डंपरमधून येतो. नदीची वाळू दुर्मीळ झाल्यापासून दगड भरडून केलेली ‘क्रश सँड’च सगळीकडे चालते. महाबळेश्वरला गेलेले स्ट्रॉबेरीचा क्रश बाटलीतून आणतात. आणि रेल्वेच्या इंजिनिअरचा क्रश म्हणजे आपण सगळे, सकाळी ठाण्याकडे निघालेले.

शब्दाचं मूळ जुन्या फ्रेंचमधलं. तिथे त्या क्रियापदाचा एक अर्थ फोडणं-मोडणं आणि दुसरा चक्क दात करकरा खाणं. चौदाव्या शतकात ते इंग्रजीत आलं, चिरडणं या अर्थी. गर्दीला ‘क्रश’ म्हणू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि तेही कौतुकानं! लंडनच्या बड्या घरच्या मेजवानीला चेंगराचेंगरी झाली, तर यजमानीणबाईंची कॉलर ताठ. तिथल्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये मध्यंतरात प्रेक्षक जिथे जमतात, त्या झुंबरांच्या दालनाला आजही ‘क्रश रूम’च म्हणतात. प्रेमातला क्रश त्यानंतरचा, १८८४च्या सुमाराचा, अमेरिकी बोलीतला.

रेल्वेनं मात्र त्यातलं कौतुक काढून टाकलं आणि वजन ठेवलं. डबा बांधताना तो जास्तीत जास्त किती भार घेईल हे ठरवावं लागतं. स्प्रिंगा, ब्रेक, मोटरी सगळं त्यावर बेतलेलं. बसलेले आणि दाटीवाटीनं उभे असलेले प्रवासी धरून जो भार होतो, तो ‘क्रश लोड’. जगभर हा शब्द पुरतो. मुंबईच्या लोकलला पुरला नाही. इथे त्याला आधी ‘डेन्स’ आणि मग ‘सुपर डेन्स’ अशी विशेषणं लागली. ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणजे एका चौरस मीटरमध्ये उभे १४ ते १६ प्रवासी. घरातली दोन बाय दोन फुटांची लादी घ्या. अशा जेमतेम पावणेतीन लाद्यांवर सोळा माणसं उभी करून बघा. म्हणून तर सराईत माणूस गाडी फलाटाला लागण्याआधीच सॅक पाठीवरून छातीवर घेतो आणि वरची कडी आधीच धरून ठेवतो, कारण आत शिरल्यावर खाली राहिलेला हात वर येत नाही. दातओठ खायला तेवढी जागा उरते. फ्रेंच मूळ इथे अगदी शाबूत आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, तेव्हा १४ डबे होते, ओढायला तीन इंजिनं होती आणि पाहुणे सुमारे चारशे. आज तेवढी माणसं गर्दीच्या वेळी लोकलच्या एकाच डब्यात असतात. कल्याण-डोंबिवलीत त्याला कोणी क्रश लोड म्हणत नाही. ‘आज जाम रश आहे’ म्हणतात आणि ‘आत सरका हो’ म्हणत लोंबकळतात.

मला खटकतं ते याचं बारसं. चौदा-सोळा माणसांच्या दाटीला तांत्रिक नाव मिळालं, की ती आपत्ती राहत नाही, तक्त्यातला एक रकाना होते. पण तो रकाना स्प्रिंगा आणि ब्रेकसाठी मांडलेला आहे. ९ जून २०२५ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं गाड्यांतून खाली पडली, काही जिवानिशी गेली. डब्याच्या स्प्रिंगांना काही झालं नव्हतं. त्यानंतर साध्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं बसवायची घोषणा झाली. दारं जरूर बसवा. पण आज दाराबाहेर लटकणारे आत कुठे उभे राहणार, याचं उत्तर दारांत नाही, जादा फेऱ्यांत आहे. त्या आधी द्या.