मधली सतरा वर्षे

'रॉक मशीन' या मुंबईच्या वाद्यवृंदाची एक कॅसेट माझ्याकडे १९९३ पासून आहे. ती माझी नाही. 'द सेकंड कमिंग' हे तिचे नाव. वरच्या कागदाचा रंग उडाला आहे आणि फितीवर बुरशीची पांढरी रेघ चढली आहे, त्यामुळे आता ती वाजवायचे धाडस होत नाही. तरी ती मी शिलालेखांच्या ठशांच्या कपाटातच ठेवतो, कारण त्या कपाटाला वाळवी लागत नाही.

माझा खरा विषय वीरगळ आणि शिलालेख. शिक्षण वाणिज्य शाखेचे, तेही अर्धवट. जे काही शिकलो ते तेर, परांडा, नळदुर्ग आणि मधल्या गावांतल्या पारांवर. संगीतातले मला सूर ओळखण्यापुरतेही कळत नाही. पण एखादी वस्तू कोणी घडवली, कुठून आली, मधल्या काळात कुठे पडून होती, हे विचारायची खोड जडली आहे. ती या कॅसेटलाही लागू झाली, इतकेच. संपादकांनी हा लेख संशोधन विभागात घ्यायचे ठरवले, ही त्यांची जबाबदारी.

'रॉक मशीन' १९८४ साली मुंबईत उभा राहिला. त्याआधी आपल्याकडे असे वृंद नव्हते असे नाही. १९७०-७१च्या सुमारास एका सिगारेट कंपनीच्या 'सिमला बीट' स्पर्धा होत आणि त्यांच्या तबकड्याही निघाल्या. पण बहुतेक वृंद परदेशी गाणीच वाजवत. श्रोत्यांनाही तेच हवे असे. डीप पर्पलचे गाणे हुबेहूब वाजले की टाळी; स्वतःचे गाणे सुरू केले की लोक चहाला उठत. कीर्तनात बुवांनी स्वतःचा अभंग म्हणायला घेतला तर जी अवस्था होईल, तीच. 'रॉक मशीन'ने हट्टाने स्वतःची गाणी लिहिली. १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनिगेड' आणि १९९० साली 'द सेकंड कमिंग' असे दोन संग्रह काढले. दुसऱ्या संग्रहाचे नाव 'दुसरे आगमन', आणि तेव्हा ही मंडळी अजून कुठे गेलीही नव्हती. खरे परत येणे त्यांच्या नशिबी बावीस वर्षांनी होते.

त्यांचे मुख्य ठिकाण रंगभवन. धोबीतलावला, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या लगतचे उघड्यावरचे नाट्यगृह. १९७८ साली तिथे 'जॅझ यात्रा' सुरू झाली, आणि १९८६ पासून ऑगस्टच्या पावसात स्वातंत्र्यदिनाच्या आसपास 'इंडिपेंडन्स रॉक' भरू लागले. तिथे गेलेल्यांच्या बोलण्यात चिखलात नाचणाऱ्या पोरांचे वर्णन हटकून येते. मी तिथे कधी गेलो नाही. उस्मानाबादहून मुंबईला जायचे ते मंत्रालयात किंवा टाटा रुग्णालयात, असा आमच्याकडचा हिशेब.

कॅसेट पुण्याहून आणली होती माझ्या खोलीतल्या मित्राने. तो सास्तूरचा. आम्ही दोघे उस्मानाबादला भाड्याच्या एका खोलीत राहायचो. त्याच्याकडे टेपरेकॉर्डर होता, माझ्याकडे स्टोव्ह. या वाटणीत माझा फायदा होता असे मला तेव्हाही वाटायचे. इंग्रजी शब्द दोघांनाही धड कळत नसत. घरमालकांना तर तो आवाज म्हणजे गिरणीचा पट्टा तुटल्यासारखा वाटे. पण मुंबईची, आपल्यासारखीच दिसणारी पोरे हे वाजवतात, हे मित्राला फार मोठे वाटायचे.

१९९३च्या गणपतीत तो टेपरेकॉर्डर गावी घेऊन गेला. मंडळाला हवा होता. ही कॅसेट मात्र खोलीवरच ठेवली, म्हणाला, "गावात हे कोण ऐकणार?" यंत्र तिथेच ठेवून विसर्जनाच्या आदल्या दिवशी तो परत आला, कारण त्याची कसलीशी परीक्षा होती. २९ सप्टेंबरला विसर्जन झाले. ३० तारखेला पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे झोपेतच गेली. ५२ गावे उद्ध्वस्त झाली आणि हजारो माणसे मेली. ती भूकंपाच्या धक्क्याने जेवढी मेली त्याहून अधिक घरांच्या बांधणीने मेली. गोल दगडांच्या, चिखलात रचलेल्या रुंद भिंती आणि वर फूट-दीड फूट मातीचे माळवद. उन्हाळ्यात अशा घरासारखे थंड घर नाही. त्याच्या घरातली तिघे माळवदाखाली गेली. टेपरेकॉर्डरही तिथेच कुठेतरी असेल.

कॅसेट माझ्याकडे राहिली. दोनदा मी ती त्याच्यापुढे केली. एकदा तो "असू दे" म्हणाला, दुसऱ्यांदा काहीच बोलला नाही. तिसऱ्यांदा विचारण्यासारखे काही उरले नव्हते.

त्याच १९९३ साली 'रॉक मशीन'ने नाव बदलले आणि ते 'इंडस क्रीड' झाले. नाव बदलणे म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. निजामाच्या नावाचे उस्मानाबाद २०२३ साली कागदोपत्री धाराशिव झाले, तरी एसटीच्या थांब्यावर अजून दोन्ही नावे चालतात. वृंदाचेही तसेच झाले असावे. जुने चाहते 'मशीन'च म्हणत राहिले. पण नव्या नावात सिंधू आली, म्हणजे आपण कुठले हे सांगायची इच्छा आली. १९९५ साली नव्या नावाचाच संग्रह निघाला. तोपर्यंत गच्च्यांवर तबकड्या लागल्या होत्या, एमटीव्ही घराघरांत पोहोचले होते, आणि 'प्रिटी चाइल्ड' हे त्यांचे गाणे चित्रफितीसह तिथे दिसत होते. आता या मंडळींचे दिवस आले, असे कोणालाही वाटले असते.

झाले उलटेच. ज्या दूरचित्रवाणीने त्यांना वर आणले, तिला दोनेक वर्षांत कळले की इथला बाजार हिंदीचा आहे. १९९५लाच अलिशा चिनॉयचे 'मेड इन इंडिया' आले, दलेर मेहंदी आला. इंडीपॉपच्या पुरात इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय वृंदाला जागा राहिली नाही. १९९७ साली 'इंडस क्रीड' मोडला. गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी यांनी 'आम्स फॉर शांती' नावाने वेगळी वाट धरली, न्यूयॉर्कला गेले. पुढे रंगभवनही बंद पडले. रुग्णालये, न्यायालये, शिक्षणसंस्था यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र, असा ध्वनिप्रदूषणाचा २०००चा नियम. आणि रंगभवनाच्या चहूबाजूंना हेच सगळे. नियम चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. रुग्णाला झोप लागलीच पाहिजे. पण त्या बदल्यात दुसरी जागा कोणी दिली नाही.

२०१० साली वृंद पुन्हा जमला आणि २०१२ साली 'इव्हॉल्व्ह' हा संग्रह आला. आधीच्या संग्रहानंतर सतरा वर्षांनी. बातमी मी वर्तमानपत्रात वाचली आणि मुंबईच्या भाच्याकडून सीडी मागवली. जुन्यांपैकी तिघे होते : बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि कळफलकावर झुबीन बालापोरिया. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे दोघे नव्या पिढीचे. ध्वनिमिश्रण टिम पामर या नामांकित ब्रिटिश तंत्रज्ञाने केलेले. गाणी आठच. 'फायरफ्लाइज', 'डिझॉल्व्ह', 'बुलेटप्रूफ', 'गुडबाय' अशी त्यांची नावे.

मी आधी जुने काही सापडते का ते शोधले. वीरगळ शोधणाऱ्याची नजर अशीच असते; झिजलेल्या दगडावर आधी ओळखीची चंद्रकोर शोधायची. सापडले नाही. जुन्या संग्रहांत एक उडी होती, 'आम्ही आलो' असे सांगायची घाई होती. इथे गाणी लांब, सावकाश वळणे घेणारी, मधेच अंधारणारी. एकही गाणे जुन्या यशाची आठवण करून देत नाही. पहिल्या दिवशी माझी निराशा झाली. चौथ्या-पाचव्या वेळी कळले की ही निराशा माझी होती, त्यांची नव्हे. मला २३ वर्षांचा मी परत हवा होता. तो पुरवणे हे त्यांचे काम नव्हते.

तेरचे त्रिविक्रम मंदिर पाहिलेले वाचक असतील. मागे विटांचे, चापाकार पाठीचे प्राचीन गर्भगृह, पुढे नंतरच्या काळात जोडलेला मंडप. नंतरच्या कारागिरांनी मंडपाला जुन्यासारखी गोलाई दिली नाही. त्यांना जसे बांधता येत होते तसे बांधले. त्यामुळे दोन्हीकडचे काळ आज स्वच्छ वाचता येतात. पुढचा भाग मागच्याची नक्कल असता तर आम्ही अभ्यासकांनी किती भांडणे केली असती, देव जाणे.

याच सुमारास मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि सुटीत स्वीडनचे 'डेथ मेटल' घेऊन आली. या प्रकारात गायक गात नाही, घसा खरवडून ओरडतो; ड्रम मळणीयंत्रासारखे चालतात. माझ्या घरमालकांची मला पहिल्यांदा आठवण आणि कणव आली. पण 'ॲट द गेट्स' या गोटेनबर्गच्या वृंदाची हकिगत तिने सांगितली तेव्हा मी कान टवकारले. स्थापना १९९०, गाजलेला संग्रह 'स्लॉटर ऑफ द सोल' १९९५ चा, १९९६ साली वृंद मोडला, २००८ साली कार्यक्रमांपुरता जमला, आणि २०१४ साली 'ॲट वॉर विथ रिॲलिटी' हा नवा संग्रह. मध्ये एकोणीस वर्षे. मुंबईचा आणि त्यांचा, दोघांचाही शेवटचा संग्रह १९९५चाच.

त्यांचा गायक टोमास लिंडबर्ग शाळेत समाजशास्त्र शिकवायचा. आणि परतीच्या संग्रहासाठी त्याने विषय घेतला तो लॅटिन अमेरिकेतल्या जादुई वास्तववादाचा. बोर्हेस, मार्केझ यांच्या वाचनातून आलेली ही गाणी, सुरुवातीला एर्नेस्तो साबातो यांच्या कादंबरीतला स्पॅनिश उतारा. ज्या लेखकांवर आपल्या नियतकालिकांनी विशेषांक काढले, तेच लेखक तिकडे या गर्जनेत बसलेले पाहून मी थक्क झालो. शब्द छापील वाचल्याशिवाय कळत नाहीत, हे खरे. पण ते आमच्याकडच्या काही समीक्षेलाही लागू आहे. लिंडबर्ग १६ सप्टेंबर २०२५ रोजी कर्करोगाने वारला. वय ५२. मुलीचा फोन आला तेव्हा ती रडत होती, आणि मला त्या माणसाबद्दल बोलता येईल इतके माहीत होते याचे मलाच बरे वाटले.

हे दोन वृंद शेजारी ठेवले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. स्वीडनमध्ये नगरपालिकांच्या संगीतशाळा आहेत, आणि प्रौढशिक्षणासाठीच्या अभ्याससंघटनांना सरकारी अनुदान मिळते. चार पोरांनी वृंद काढला की ते अशा संघटनेत 'अभ्यासमंडळ' म्हणून नोंद करतात. तालमीला खोली मिळते, काही वेळा सामानही. म्हणजे आपल्याकडे गावच्या वाचनालयाला 'ड' वर्गाचे अनुदान मिळते, त्यातला प्रकार. तिथली पोरे रक्त-मरणाची गाणी लिहीत होती आणि हजेरीपट भरून पाठवत होती. त्यामुळे वृंद मोडला तरी खोली, शेजारचे दुसरे वृंद, ऐकणारे हे सगळे जागेवर राहिले. परतणाऱ्याला परतायला गाव होते. मुंबईत माणसे परतली तेव्हा रंगभवनाला कुलूप होते. 'इव्हॉल्व्ह' ज्या पोकळीत आला ती ध्यानात घेतली तर त्याचे मोल मला थोडे जास्त वाटते. अर्थात हा माझा पक्षपात असू शकतो.

मित्र पुनर्वसित सास्तूरला राहतो. सरळ रस्ते, ओळीने घरे. जुन्या गावाचे बोळ आता बोलण्यातच उरलेत. आम्ही वर्षातून दोनदा तरी भेटतो. टेपरेकॉर्डरचा विषय कधी निघत नाही. २०१५च्या पावसाळ्यात तो तुळजापूरहून येताना माझ्याकडे मुक्कामाला थांबला. मी कसलेसे ठसे साफ करत होतो आणि 'इव्हॉल्व्ह' बारीक आवाजात चालू होते. बंद करायला उठलो तर त्याने हातानेच बस म्हणून सांगितले. कोणाचे आहे, विचारले. मी सांगितले. जुने नाव घेताना माझीच जीभ अडखळली.

त्याने पूर्ण ऐकले. मग पुन्हा लावायला सांगितले. मला वाटले, आता तो गावाबद्दल काही बोलेल.

"ह्यात काहीच आठवत नाही रे," तो म्हणाला. "बरं वाटतं."

सकाळी जाताना त्याने सीडी पिशवीत टाकली. कॅसेटचा विषय मी काढला नाही, त्यानेही काढला नाही. सीडी अजून त्याच्याकडेच आहे.