निवेदकाचे नाव

भाषाविज्ञानाच्या एका परिषदेकडे मी आजवर दोनदा शोधनिबंधाचा गोषवारा पाठवला. पहिला स्वीकारला गेला, दुसरा परत आला. विषय दोन्हींचा एकच होता : माझ्या मायची बोली. पहिल्यात मी त्या बोलीला 'प्रमाण मराठीपासून झालेले विचलन' म्हटले होते. दुसऱ्यात ते विचलन नसून नियम आहे असे मांडले होते. आता तिसऱ्यांदा लिहायला बसले आहे, आणि बसण्याआधी एक गोष्ट तपासून पाहावी असे वाटले. आपली बोली या शास्त्राच्या दारात प्रथम कशी आली, कुणी आणली आणि कोणत्या नावाने आणली?

ज्या वाचकांचा अशा परिषदांशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. परिषदेत निबंध वाचायचा तर आधी पाचशे शब्दांत, बहुधा इंग्रजीत, त्याचा सारांश पाठवावा लागतो. त्याखाली चारपाच बीजशब्द द्यायचे. लेखकाचे नाव, गाव, महाविद्यालय यांपैकी काहीही त्यात दिसता कामा नये. दोन परीक्षक तो वाचतात. त्यांना लेखक माहीत नसतो, लेखकाला परीक्षक माहीत नसतात. आडनाव ऐकून माणसाचे वजन ठरवणाऱ्या देशात हे नाव झाकणे मला मनापासून आवडले, हे कबूल करते. आयुष्यात प्रथमच कुणी माझे आडनाव न विचारता माझे लिहिणे वाचणार होते. परंतु नाव झाकले तरी संज्ञा उघड्याच राहतात. 'प्रमाण', 'विचलन', 'जातबोली', 'निवेदक' हे शब्द मी घडवलेले नाहीत. ते मला मिळाले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा इतिहासही मिळाला.

या इतिहासाचे पहिले मोठे दालन म्हणजे ग्रियर्सन यांची भारतीय भाषांची पाहणी. १८९४ मध्ये सुरू झालेले हे काम १९२८ मध्ये पुरे झाले. १७९ भाषा आणि ५४४ बोली त्यात नोंदल्या गेल्या. मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला आणि तो सिद्ध केला नॉर्वेच्या स्टेन कोनो यांनी. एवढ्या अवाढव्य कामाबद्दल आदर बाळगूनच पुढचे लिहीत आहे. त्या खंडात पुण्याकडची मराठी ही प्रमाण. तिला जात नाही, ती नुसती मराठी. आपली पाळी आली की मात्र बोलीचे नाव 'महारी' होते, आणि त्याला पर्यायी नाव म्हणून 'ढेडी'. शिवी म्हणून जो शब्द आपल्या आजोबांच्या कानावर आदळत होता तो तिथे शास्त्रीय वर्गीकरणाच्या रकान्यात शांतपणे बसलेला आहे. असे करण्यात ग्रियर्सनसाहेबांचा काही दुष्ट हेतू होता असे मी म्हणणार नाही. याद्या जिल्ह्याजिल्ह्यांतील सरकारी अधिकाऱ्यांकडून मागवल्या होत्या. कचेरीत जे नाव चालत होते तेच वर गेले.

नमुने गोळा करण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. प्रत्येक बोलीतून बायबलमधील उधळ्या पुत्राची गोष्ट वदवून घ्यायची, म्हणजे तुलना सोपी. त्याखेरीज लोकांच्या तोंडचा एखादा स्वतंत्र मजकूर आणि २४१ शब्द-वाक्यांची एक ठरीव यादी. गोष्ट कसली, तर बापाकडून इस्टेटीचा वाटा मागून घेणाऱ्या मुलाची. गावकीच्या वतनाचा तुकडा आणि बलुत्याची भाकर यापलीकडे ज्यांच्या घरी वाटणीला काही नव्हते, त्यांनाही हीच गोष्ट. मुलगा परत येतो तेव्हा बाप पोसलेले वासरू कापतो. तेथे हिंदी लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून शब्दांत किंचित फेरफार केला गेला. कोणत्या हिंदी लोकांच्या? ज्यांच्या ताटात मेलेल्या ढोरापलीकडे मांस क्वचितच पडत होते त्यांना कुणी विचारले नसणार.

माझ्या बाबतीत तर याहून मोठी गंमत आहे. हैदराबाद आणि म्हैसूर ही संस्थाने व मद्रास इलाखा या पाहणीच्या कक्षेबाहेर ठेवले होते. निजामाच्या हद्दीतला मराठवाडा त्यामुळे सुटला. म्हणजे नागपूर-चांद्याकडच्या आपल्या माणसांची बोली शिवीच्या नावाने का होईना पण नोंदली गेली. माझ्या आजीची तेवढीही नाही.

दुसरे दालन १९५० नंतरचे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने आधुनिक भाषाविज्ञानाचे वर्ग सुरू झाले, अमेरिकेतून अभ्यासक आले. त्या काळातला जॉन गम्पर्झ यांचा १९५८ चा निबंध आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. उत्तर प्रदेशातील एका गावाला त्यांनी 'खालापूर' हे बदललेले नाव दिले आणि तिथल्या एकतीस जातींची बोली तपासली. स्पृश्य जातींची बोली बरीचशी एकसारखी निघाली. चर्मकार आणि सफाई कामगार जातींची मात्र वेगळी. मग प्रश्न आला, असे का? ही माणसे तर रोज मालकांच्या शेतावर राबतात, दिवसभर त्यांचे बोलणे ऐकतात. गम्पर्झ यांचे उत्तर असे की कामाच्या संबंधाने बोली एक होत नाही. ती मैत्रीने, बरोबर बसण्याने, मुलांनी एकत्र खेळण्याने एक होते, आणि ते संबंध जातीच्या कुंपणाआड थांबतात. अस्पृश्यता माणसाच्या जिभेपर्यंत कशी पोचते याचा इतका स्वच्छ पुरावा मी दुसरीकडे पाहिला नाही. तरीही निबंध वाचून खाली ठेवताना एक खंत राहते. त्या वस्तीतले कुणी त्यात नाव घेऊन बोलत नाही. ज्याच्याकडून शास्त्रज्ञ भाषा मिळवतो त्याला निवेदक म्हणतात. पण निवेदन दुसऱ्याचेच असते.

त्यानंतरच्या जातबोलींच्या अभ्यासात 'ब्राह्मण' आणि 'अब्राह्मण' अशी जोडी रूढ झाली. तमिळ-कन्नडच्या संदर्भात ब्राइट व रामानुजन यांनी याच जोडीवर भाषाबदलाचा विचार केला. विचार मोलाचा आहे. पण 'अब्राह्मण' या एका पोत्यात पाटलाचा वाडा आणि आमची वस्ती एकत्र भरली की कोणाचे काय झाले ते दिसेनासे होते.

हे सगळीकडे असेच झाले का, म्हणून मी अमेरिकेतील काळ्या लोकांच्या भाषेचा इतिहास चाळला. पँथर हा शब्द आपण १९७२ साली तिकडूनच घेतला, तेव्हा हे नाते नवे नाही. दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील बेटांवर गुलामांचे वंशज 'गल्ला' नावाची भाषा बोलतात. गोऱ्या लेखकांनी तिला आळशी जिभेची, मोडकी इंग्रजी ठरवले होते. लोरेन्झो डाऊ टर्नर हा काळा प्राध्यापक १९२९ साली तिकडे उन्हाळी वर्गात शिकवायला गेला असताना त्याने ती ऐकली आणि त्याला तिच्यात वेगळेच काही जाणवले. मग तो ध्वनिलेखन शिकला, बेटांवर जाऊन ध्वनिमुद्रण केले, लंडनला जाऊन आफ्रिकी भाषा शिकला. त्याचे पुस्तक १९४९ साली आले. मध्ये वीस वर्षे गेली. पश्चिम आफ्रिकेच्या भाषांतून आलेले हजारो शब्द त्याने दाखवून दिले, आणि त्यांतली फार मोठी संख्या माणसांच्या नावांची होती. बेटावरच्या माणसाला एक इंग्रजी नाव असे, ते परक्याला सांगायचे. दुसरे नाव घरातले. आधीच्या अभ्यासकांना घरातले नाव कुणी सांगितलेच नव्हते. टर्नरला सांगितले. आणि त्याने आपल्या पुस्तकात गोष्टी सांगणाऱ्या माणसांची नावे त्यांच्या बेटांसह छापली.

पुढे १९६० नंतर विल्यम लेबॉव्ह यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममधील मुलांची भाषा नियमबद्ध असल्याचे सिद्ध केले आणि त्यांची कीर्ती जगभर झाली. ती योग्यच होती. पण त्या मुलांमध्ये मिसळून ध्वनिमुद्रण करणाऱ्या क्लॅरेन्स रॉबिन्स आणि जॉन लुईस या दोघा काळ्या सहकाऱ्यांची नावे आपल्याकडे कुणी वर्गात घेत नाही. १९७३ साली सेंट लुईस येथे काळे विद्वान स्वतःच एका परिषदेत जमले आणि रॉबर्ट विल्यम्स यांनी त्या भाषेला 'इबॉनिक्स' हे नाव दिले. दुसऱ्यांनी ठेवलेले नाव नाकारून आपण आपले नाव ठेवणे हे काय असते, ते १९५६ नंतरच्या आपल्या पिढ्यांना वेगळे सांगायला नको.

त्या भाषेतली एक गोष्ट वाचताना मी थबकले. तिच्यात 'ही बी वर्किंग' म्हणजे तो नेहमी काम करतो, आणि नुसते 'ही वर्किंग' म्हणजे तो आत्ता काम करीत आहे. शाळेला दोन्ही चूक वाटतात. बोलणाऱ्याला त्यांतला भेद पक्का ठाऊक असतो. माझी माय म्हणते, 'पानी दोन दिसाला येतं.' आणि नळाला धार लागली की ओरडते, 'पानी यायलंय, घागर लाव!' जायलाय, करायलीस, बोलायलेत अशी ही रूपे सर्व पुरुषांत, लिंगांत आणि वचनांत नीट चालतात. 'यायला लागले' याचा अर्थ प्रमाण मराठीत आरंभापाशी थांबतो. आमच्याकडे तो पुढे सरकून चालू क्रियेवर स्थिरावला असावा, असे माझे मत आहे. यात मोडले काय? दुसऱ्या गोषवाऱ्यात मी एवढेच मांडले होते.

परत आलेल्या गोषवाऱ्यासोबत दोन शेरे होते. एक असा : संशोधक आणि निवेदक एकाच समूहातील असल्याने सामग्रीच्या तटस्थतेची खात्री देता येत नाही. पुण्यामुंबईच्या किती अभ्यासकांनी आपल्या घरातली मराठी हीच सामग्री धरून व्याकरणे लिहिली असतील! त्यांना तटस्थतेचा दाखला मागितला गेल्याचे माझ्या वाचनात नाही. दुसरा शेरा मात्र मला लागला, कारण तो बरोबर होता. मी फक्त आपल्या वस्तीतलेच बोलणे गोळा केले होते. गावातल्या इतर घरांशी तुलना नसताना ही रूपे वस्तीची की मुलखाची, हे कळणार कसे? राग बाजूला ठेवून मी दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले.

पाटलांच्या ओसरीवर बसून त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या काकूंचे बोलणे तासभर टिपले. चहा आला. कप कोणता होता ते इथे लिहीत नाही, तो भाषाविज्ञानाचा विषय नव्हे. काकू म्हणाल्या, 'ऊस तोडायलेत, पोरं तिकडंच हायेत.' वाण्याच्या दुकानात तेच, मारुतीच्या पारावर तेच. म्हणजे रूप साऱ्या मुलखाचे आहे. तरी शाळेत एका गुरुजींनी पाटलाच्या पोराच्या 'जायलोय'ला हसून गावरान म्हटले होते, आणि माझ्या 'जायले'ला 'ही तुमच्या वस्तीची भाषा' म्हणून हातावर छडी दिली होती. तो वेगळेपणा गुरुजींच्या कानात होता. वस्तीच्या बोलीत वेगळे काही नाहीच असे मी म्हणत नाही. नातेवाचक शब्दांत, काही उच्चारांत आहे आणि तेही लिहायचे आहे. पण ऐकणाऱ्याची जात मोजणारा रकाना एकाही प्रश्नावलीत नाही. आता राज्यात बोलींची नवी सर्वेक्षणे झाली आहेत, लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड २०१३ मध्ये निघाला. त्यांचा उपयोग मी करणार आहेच.

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू तक्रार करतात की नाना कुळांतले भिक्खू बुद्धवचन आपापल्या बोलीत बोलून बिघडवतात, तेव्हा ते छंदाच्या भाषेत बसवावे. बुद्ध त्यांना खडसावतो आणि वचन आपापल्या बोलीत शिकण्याची मुभा देतो. त्यातील 'आपली बोली' म्हणजे शिकणाऱ्याची नव्हे, बुद्धाची स्वतःची मागधी, असा अर्थ पुढे अट्ठकथाकार बुद्धघोषाने लावला. मला पहिला अर्थ संदर्भाला धरून वाटतो. अर्थात मीही इथे तटस्थ नाही. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातींवरचा निबंध वाचला, तेव्हा तेही ज्या समाजाविषयी बोलत होते त्याच्या बाहेरचे नव्हते. पुढच्याच वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापला गेला.

तिसरा गोषवारा रात्री टंकत असताना माय शेजारी येऊन बसली. 'काय लिवायलीस?' म्हणाली. तुझंच बोलणं लिहिते आहे, असे सांगितले. मग तिने विचारले, 'माझं नाव टाकलंस का?' नियमाप्रमाणे टाकता येत नाही. तिचे आडनाव तेच माझे, ते दिसले तर गोषवारा बाद. हे तिला समजावून सांगितले. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, 'मग पाटलीनबाईचं बी टाकू नकोस.' दोघींना मी 'निवेदक १' आणि 'निवेदक २' असे क्रमांक दिले. एक क्रमांक मायचा आहे. निबंध स्वीकारला गेला तर छापताना दोघींची संमती घेऊन पूर्ण नावे आणि गाव द्यायचे, टर्नरने दिले तसे. गोषवारा पाठवण्याची मुदत शुक्रवारी संपते आहे. बीजशब्दांतून 'विचलन' काढले. त्या जागी काय लिहावे ते अजून ठरलेले नाही.