भिलाईची झोतभट्टी आणि अभियंत्याची सही

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. अशा कारखान्यात बॉयलर जोडणाऱ्या वेल्डरला आणि तो चालवणाऱ्याला प्रमाणपत्र लागते. या नियमनाचे मूळ एका अपघातात आहे. १८६३ मध्ये कोलकात्यात बॉयलर फुटून माणसे दगावली. पुढच्याच वर्षी बंगालात तपासणीचा कायदा झाला. १९२३ मध्ये सर्व प्रांतांसाठी एकच कायदा आला.

वकिलांसाठी १९६१ चा आणि वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. अभियंत्यांच्या नोंदणीसाठी मात्र तसा केंद्रीय कायदा नाही. अमेरिकेत वायोमिंग राज्याने १९०७ मध्येच परवाना सक्तीचा केला. आपल्याकडे १९२० साली स्थापन झालेली ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ ‘चार्टर्ड इंजिनिअर’ ही मान्यता देते. पण ती ऐच्छिक आहे.

९ ऑक्टोबर २०१८ रोजी भिलाईतच कोक भट्टीच्या वायुवाहिनीला आग लागून दहाहून अधिक माणसांचा बळी गेला. परवान्याने प्रत्येक अपघात टळतो असे नाही. उत्तरदायी कोण, हे मात्र आधीच ठरते. संगणक क्षणात आराखडा काढू लागला, तरी त्याखाली सही माणसालाच करावी लागेल. परवान्याचे उद्याचे मोल त्या सहीत आहे.