चुकीच्या नावाचा स्फटिक

१९१६ साली रँकिन आणि मर्विन या संशोधकांनी एका स्फटिकाला ‘बीटा ॲल्युमिना’ असे नाव दिले. तो ॲल्युमिनियम ऑक्साइडचाच एक निराळा प्रकार आहे, अशी त्यांची समजूत होती. पुढे क्ष-किरणांच्या अभ्यासाने ती खोटी ठरली. सोडियमवाचून हा स्फटिक घडतच नाही. नाव मात्र आजतागायत तेच आहे!

१९३७ साली बीव्हर्स आणि रॉस यांनी त्याची रचना अधिक उलगडली. ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांचे घट्ट थर, आणि दोन थरांमध्ये ऑक्सिजनच्या खांबांवर तोललेली विरळ जागा. सोडियमची वस्ती तिथे.

त्या विरळ जागेत प्रत्येक सोडियम आयन सेकंदाला लाख कोटींच्या घरात हेलकावे घेतो. बहुतेक हेलकावे वाया जातात. आयन मूळ जागी परततो. पण भोवतालचे ऑक्सिजनही थरथरत असतात. एखाद्या क्षणी वाट पुरेशी रुंदावते आणि आयन शेजारच्या मोकळ्या ठिकाणी झेपावतो. तापमान चढले की अशा झेपा वाढतात.

१९६७ साली फोर्ड मोटर कंपनीच्या प्रयोगशाळेतून याओ आणि कुमर यांनी या हालचालीची मोजमापे प्रसिद्ध केली. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला हा घन पदार्थ वितळलेल्या क्षारांच्या तोडीने आयन वाहून नेतो. कुमर आणि वेबर यांनी त्याचीच भिंत घालून, एका बाजूस वितळलेले सोडियम व दुसऱ्या बाजूस वितळलेले गंधक ठेवून विद्युतघट रचला. नेहमीच्या घटात ध्रुव घन आणि मधला पदार्थ द्रव असतो. इथे सारेच उलटे होते.