डांगाणचे पाणी, डांगाणची हद्द

शेवगावच्या माणसाला डोंगर म्हटला की दक्षिणेकडची उघडीबोडकी रांग आठवते. पण आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, सह्याद्रीचा घनदाट मुलूख आहे. तिथले लोक त्याला डांगाण म्हणतात. शेवगावला वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. घाटमाथ्यावरच्या घाटघरला चांगल्या वर्षी पाच हजारांच्या आसपास. शाळेत आम्ही कळसूबाईची उंची १६४६ मीटर अशी घोकली. तिच्या पायथ्याशी कोण राहते, हे मात्र कुणी विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

तिथे महादेव कोळी आणि ठाकर राहतात. खाचरात भात, उतारावर नाचणी-वरई, दावणीला पावसाला न डरणारी डांगी गुरे. भाताचे रोप टाकण्याआधी फांद्या-पाला जाळून जमीन भाजायची, म्हणजे राब करायचा. जंगल म्हणजे या माणसांची ‘निसर्गशोभा’ नव्हे, शेतीचाच तो एक भाग होता. खालच्या खोऱ्यांतल्या गावांना महारवाडाही होता.

या जंगलातला हिरडा देशावर उतरत असे. हिरड्याने आणि बाभळीच्या सालीने कातडे कमावले जाई. डोंगरातला आदिवासी फळ गोळा करी, गावकुसाबाहेरचा ढोर त्यात कातडे मुरवी आणि त्या कातड्याची मोट पाटलाच्या विहिरीवर चाले. आपल्या इतिहासकारांना गडांचे वेढे दिसले. हा व्यवहार दिसला नाही. त्यात दोन्ही टोकांना कष्ट आहेत आणि पाणी तिसऱ्याच्या पाटात आहे.

सावकारी आणि कंपनी सरकार यांच्याविरुद्ध इथल्याच रघोजी भांगरे यांनी बंड केले. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. पुढे १८७८ चा वन कायदा आला. काल जे गावाचे रान होते ते सरकारचे राखीव जंगल झाले. राबाची फांदी तोडणे गुन्हा ठरू लागले. रान तेच, झाडे तीच, फक्त कागद बदलला.

नंतर पाणीही गेले. रतनगडाच्या पोटी उगवणारी प्रवरा भंडारदऱ्याला अडवून १९२६ साली धरण पुरे झाले. कालवे निघाले ते खालच्या काळ्या जमिनीसाठी. तिथे ऊस उभा राहिला, कारखाने उभे राहिले. तो ऊस तोडायला दर हंगामात कोयता घेऊन कोण जाते? शेवगाव-पाथर्डीचे भूमिहीन आणि कोरडवाहू शेतकरी. उरलेली प्रवरा प्रवरासंगमला गोदावरीत मिळते आणि जायकवाडीच्या नाथसागरात थांबते. १९७६ मध्ये पुरे झालेल्या त्या धरणाने शेवगाव तालुक्यातलीही गावे बुडवली. म्हणजे डांगाणचा पाऊस आमच्या उंबऱ्यापर्यंत येतो, तो असा.

१९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले. वाघरू वाचावे याला कुणाचा विरोध नाही. पण राबाच्या माणसाला पुन्हा एकदा आपल्याच रानात परका व्हावे लागले. २००६ च्या वनाधिकार कायद्याने हा ऐतिहासिक अन्याय प्रथमच शब्दांत मान्य केला. अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जा पुरे. मात्र जंगलावर जगणारा जो माणूस अनुसूचित जमातीचा नाही, त्याने तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास सिद्ध करायचा. देशभरातला वननिवासी दलित याच कलमात अडकतो.

इथे मला गावगाड्यातली एक गोष्ट आठवते. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष घेतली जाई. शीव कुठून जाते हे त्याला ठाऊक असे. त्याच्या पायाने हद्द ठरे आणि पाटील-कुलकर्णी ती मानत. ज्या वतनाने त्याला हा मान दिला त्यानेच त्याला वेठीला जुंपले, म्हणून १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. दुसऱ्याची हद्द सांगणाऱ्या या माणसाच्या वारसाला आज स्वतःच्या तुकड्यासाठी कागद शोधावा लागतो. आणि कागद तर त्याच्या घरी कधी नव्हताच.

नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून धरला आहे. हे आपल्या कार्यकर्त्यांनी आणि महाविद्यालयातल्या मुलांनी ध्यानात घ्यावे, वही घेऊन वाड्यावस्त्यांवर जावे. ७५ वर्षे मागे मोजली की १९३० साल येते. त्या साली जन्मलेला माणूस आज पंचाण्णवच्या घरात आहे.