एका गळ्यावरचा संसार

सांगलीस १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा गाण्याचा भार सूत्रधाराकडे असे. कथा तो पदांतून सांगे. पात्रे प्रसंग पाहून आपापली भाषणे करीत. रामाला वा रावणाला गाता आले नाही, तरी खेळाचे काही अडत नसे. ही विभागणी मोडली ती बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास त्यांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला आणि पद पात्राच्या स्वतःच्या तोंडी आले. वरवर पाहता फरक लहानसा. परंतु तेव्हापासून नटाला गवई व्हावे लागले आणि गवयाला नट.

अशी माणसे थोडी. बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर १८८२ साली किर्लोस्करांकडे आले आणि ‘सौभद्रा’तली सुभद्रा त्यांच्या आवाजाने लोकांच्या मनात बसली. १८८५ साली अण्णासाहेब वारले, तरी मंडळी उभी राहिली, यात भाऊरावांच्या गळ्याचा वाटा मोठा होता. वय वाढले तसे ते पुरुषभूमिकांतही दिसू लागले. मात्र १९०१ साली, चाळिशीही न गाठता, ते गेले. नाटके होती, पडदे होते, जुनी जाणती नटमंडळी होती. नव्हता तो आवाज. मंडळीला पुन्हा बरे दिवस दिसले ते १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, दाखल झाल्यावर.

भास्करबुवा बखल्यांची तालीम लाभलेल्या या नटाने १९१६ सालच्या ‘स्वयंवरा’त रुक्मिणी रंगविली. चाली बुवांच्याच होत्या. पद रंगले की कथानक खोळंबते, ही टीकाकारांची तक्रार खोटी नव्हती. पण त्यांचे साधे बोलणेही सुरात असे, हे ती तक्रार करणारे विसरत. गाणे आणि अभिनय यांची सांधेजोड दिसू नये, यातच त्यांचे खरे कौशल्य होते. १९१३ पासून ते स्वतःच्या मंडळीचे भागीदारही होते. म्हणजे कलावंत, मालक आणि भांडवल अशी तिहेरी जोखीम एका देहावर पडली.

हीच जोखीम इतरांनीही पत्करली. केशवराव भोसल्यांनी १९०८ साली हुबळीस ‘ललितकलादर्श’ काढली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत, टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त ‘मानापमाना’त धैर्यधर ते आणि भामिनी बालगंधर्व! त्यानंतर तीन महिने होतात न होतात तोच, ४ ऑक्टोबरला, केशवराव निवर्तले. मंडळी बापूराव पेंढारकरांनी सांभाळली. तेही गायक-नटच होते, हे सांगावयास नकोच. गोव्यातील मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर यांच्या तेजस्वी गळ्यावर १९१८ साली ‘बळवंत संगीत मंडळी’ उभी राहिली. बोलपट आल्यावर तिचाही संसार आवरला गेला.

बालगंधर्वांनीही बोलपट करून पाहिला. ‘प्रभात’च्या १९३५ सालच्या ‘धर्मात्म्या’त ते संत एकनाथ झाले, जन्मभर स्त्रीभूमिका केलेला नट पडद्यावर पुरुषवेषात उभा राहिला. परंतु रसिकांच्या ‘वन्समोर’सरशी तेच पद पुन्हा नव्या अंगाने खुलविणाऱ्या या गायकाला तेथे समोर श्रोताच नव्हता. ते पुन्हा नाटकाकडे वळले.