कार्ड वाचणारें यंत्र

साडेतीन इंच लांबीच्या आणि दोन इंच रुंदीच्या जाड कागदावर मनुष्य आपलें नांव, हुद्दा, पत्ता आणि टेलिफोनचा नंबर छापून घेतो, तो तुकडा दुसऱ्याच्या हातांत ठेवतो आणि आपली ओळख करून दिली असें समजतो. देणाऱ्याचें काम तेथें संपतें. घेणाऱ्याचें मात्र तेथूनच सुरू होतें. महिन्याअखेर टेबलाच्या खणांत व्हिजिटिंग कार्डांचा ढीग सांचतो आणि नेमकें हवें असलेलें कार्ड तेवढें सांपडत नाहीं. स्मार्टफोननें कार्डाचा फोटो घेऊन त्यावरील मजकूर आपोआप टिपून ठेवणारें जें अ‍ॅप आज अनेकांच्या खिशांत असतें, त्याचा जन्म या ढिगांतून झाला. पण या जन्माची पूर्वपीठिका बरीच जुनी आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत लंडनमधील बहुतेक घरांना क्रमांक नव्हते. दुकानदार आपल्या कार्डावर दुकानाच्या पाटीचें चित्र काढून घेत, आणि अमुक पाटीचें दुकान, अमुक चर्चसमोर, असा पत्ता देत. पुढें चित्रकार म्हणून कीर्ति मिळविलेल्या विल्यम होगार्थनें १७२० सालीं खोदकामाचा धंदा मांडला, तेव्हां त्यानें स्वतःचें असेंच एक कार्ड कोरलें होतें. सर जोसेफ बँक्स या निसर्गशास्त्रज्ञाची बहीण सारा सोफाया बँक्स हिला हीं कार्डें जमविण्याचा नाद होता. १८१८ मध्यें ती वारल्यावर तिचा संग्रह ब्रिटिश म्यूझियमकडे गेला, आणि त्या काळच्या दुकानदारीचा अभ्यास करणारांस तो आजही उपयोगीं पडतो. तिनें कार्डें ठेवलीं तीं त्यांच्या रूपासाठीं; व्यापाऱ्यास हवा असतो तो पत्ता. ठेवण्याच्या या दोन तऱ्हा निराळ्या आहेत.

दुसऱ्या तऱ्हेचा विसाव्या शतकांतील सर्वांत परिचित नमुना म्हणजे रोलोडेक्स. १९५६ मध्यें अमेरिकेंत आर्नल्ड न्यूस्टाटर याच्या कारखान्यांत हिल्डावर नील्सन या इंजिनिअरनें तें तयार केलें आणि १९५८ मध्यें तें विक्रीस आलें. गिरणीच्या चाकाप्रमाणें फिरणारी ही पत्त्यांची चवड कचेरीच्या टेबलावर असे. मूठ फिरवावी, अक्षर गांठावें, पत्ता काढावा. सोय मोठी होती, परंतु पत्ता चवडींत चढवावयाचा तो हातानें किंवा टाइपरायटरनेंच. नकल करण्याचा हा कंटाळवाणा भाग यंत्राच्या गळ्यांत कसा बांधावा, हाच पुढील सर्व प्रयत्नांचा विषय झाला.

यंत्रास छापील अक्षरें ओळखावयास शिकविण्याचें काम त्यापूर्वींच सुरू झालें होतें. अमेरिकन सैन्याच्या गुप्तलिपिखात्यांत काम करणाऱ्या डेव्हिड शेपर्डनें १९५१ मध्यें असें एक यंत्र लोकांपुढें आणलें, आणि थोड्याच वर्षांत 'रीडर्स डायजेस्ट'च्या कचेरीनें त्याच्या कंपनीचें यंत्र कामास लावलें. अशा यंत्रांना ठराविक वळणाचीं अक्षरें तेवढीं वाचतां येत. नाना वळणांचा छापील मजकूर वाचून तो मोठ्यानें उच्चारणारें यंत्र रे कर्झ्वाइल यानें १९७६ मध्यें अंधांसाठीं तयार केलें. पुस्तक वाचणाऱ्या यंत्रास चिमूटभर कार्ड तें काय जड, असें कोणासही वाटेल. प्रत्यक्षांत प्रकार उलटा आहे.

पुस्तकांत वाक्यें असतात, आणि एखादें अक्षर पुसट असलें तरी वाक्याच्या ओघांत त्याचा अंदाज बांधतां येतो. कार्डावर वाक्यच नसतें. टेलिफोनच्या नंबरांतील तिसरा आंकडा दुसऱ्यावरून कोण ताडणार? शून्य आणि रोमन 'ओ', एक आणि रोमन 'एल' यांची गल्लत कादंबरीत खपून जाते. कार्डांत ती झाली, तर टेलिफोन परक्याच्या घरीं वाजतो किंवा पत्र कोठेंच पोंचत नाहीं. याचा हिशेब सोपा आहे. यंत्र शंभरांपैकीं ९९ अक्षरें बिनचूक वाचतें आणि प्रत्येक अक्षराची चूक स्वतंत्र आहे असें धरलें, तर शंभर अक्षरांचें कार्ड संपूर्ण निर्दोष उतरण्याचा संभव ३७ टक्क्यांच्या आंतच राहतो. ९९ टक्के हा आंकडा जाहिरातींत मोठा शोभतो. वापरणारास मात्र दर तीन कार्डांपैकीं दोन दुरुस्त करावीं लागतात.

शिवाय अक्षरें ओळखलीं म्हणजे अर्थ कळला असें नव्हे. ईमेलचा पत्ता त्यांतील विशिष्ट चिन्हावरून उमगतो, आंकड्यांची रांग दिसली कीं ती टेलिफोनची किंवा पिनकोडची. पण नांव कोणतें? तें बहुधा मोठ्या अक्षरांत असतें, परंतु कंपनीचें नांव त्याहूनही मोठें असतें. कित्येक संस्था तर मालकाच्या आडनांवानेंच चालतात. म्हणून अ‍ॅपची आंखणी करणारास अक्षरांचा आकार, जागा आणि शेजार या तिन्हींवरून अंदाज करावा लागतो. तो अंदाज कोणत्या रकान्यांत घालावयाचा याचा प्रश्न व्हीकार्ड या सर्वमान्य नमुन्यानें सोडविला; १९९५ च्या सुमारास कांहीं मोठ्या कंपन्यांनीं मिळून तो ठरविला होता.

१९९० नंतरच्या दशकांत टेबलावर ठेवण्याचे छोटे स्कॅनर निघाले आणि कार्डें त्यांतून सरकविलीं जाऊं लागलीं. फोनकडे हें काम येण्यास मात्र एक क्षुल्लक वाटणारी अडचण होती. २००७ च्या पहिल्या आयफोनचा कॅमेरा जवळच्या वस्तूवर नजर स्थिर करूं शकत नसे, त्यामुळें हातभर अंतरावरील माणूस स्वच्छ दिसे आणि वीतभर अंतरावरील कार्ड धूसर. २००९ च्या आयफोन ३जीएसमध्यें ही उणीव दूर झाली. तिरका घेतलेला फोटो सरळ करणें हें काम त्या मानानें गणिताचें होतें: चौकटीच्या चार कडा शोधावयाच्या आणि वांकड्या चौकोनाचा काटकोनी करावयाचा.

याच सुमारास कार्डमंच नांवाचें अ‍ॅप निघालें. त्याचीं उतरलेलीं कार्डें इतकीं बिनचूक असत कीं लोकांस यंत्राचें नवल वाटे. त्यांतलें मर्म असें कीं कार्डाचा फोटो अमेझॉनच्या 'मेकॅनिकल टर्क' या सेवेमार्फत माणसांकडे जाई आणि कुठलासा अपरिचित मनुष्य तो वाचून मजकूर टंकीत असे. या सेवेचें नांवही बोलकें आहे. १७७० मध्यें फॉन केंपेलेननें बुद्धिबळ खेळणारें एक यंत्र दाखवून लोकांस थक्क केलें होतें. त्याच्या पोटांत खेळाडू लपलेला असे. लिंक्डइन कंपनीनें २०११ मध्यें कार्डमंच विकत घेतलें आणि २०१४ मध्यें बंदही केलें. सारा बँक्सच्या संग्रहास दोनशें वर्षें होऊन गेलीं. या संग्रहाच्या धन्यांस मात्र आपलें बिऱ्हाड दुसऱ्या सेवेकडे हलवावें लागलें.

माणसाकडून कार्ड वाचून घेण्यांत कांहीं गैर नाहीं. जपानांत, जेथें मैशी दोन्ही हातांनीं आदरपूर्वक द्यावयाची चाल आहे, तेथील सान्सान या २००७ मध्यें स्थापन झालेल्या कंपनीनेंही यंत्राच्या जोडीस माणसें ठेवलीं. जपानी नांवांची एकच चित्राक्षरें अनेक तऱ्हांनीं उच्चारलीं जातात, तेव्हां तें अगत्याचेंही होतें. आक्षेप आहे तो न सांगण्यास. कार्ड देणारा तें समोरच्या एका माणसास देतो; त्याचा नंबर तिसऱ्याच्या डोळ्यांखालून जावा किंवा दूरच्या यंत्रांत कायमचा पडून राहावा, अशी संमति त्यानें दिलेली नसते. हिंदुस्थानच्या २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्यानें खाजगी आणि घरगुती उपयोगास सूट दिली आहे. धंद्यासाठीं नंबर जमविणाऱ्या कंपनीस ती लागू नाहीं. फोटोचे तुकडे करून प्रत्येकास एकेक ओळच दाखविणें, किंवा सर्व वाचन फोनच्या पोटांतच उरकणें, हे यावरचे दोन उपाय. दुसरा आतां बराच सुलभ झाला आहे.

देवनागरीची अडचण आणखी निराळी. रोमन अक्षरें सुटीं उभीं असतात. देवनागरींत तीं शिरोरेषेला टांगलेलीं असतात, तेव्हां यंत्रास आधीं ती रेषा खोडून अक्षरें सोडवावीं लागत. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंतील बी. बी. चौधुरी आणि उमापद पाल यांनीं बंगाली आणि देवनागरी या दोन लिपींसाठीं ही पद्धति १९९७ मध्यें प्रसिद्ध केली. महाराष्ट्रांतील पुष्कळ कार्डांवर एका बाजूस मराठी आणि दुसऱ्या बाजूस इंग्रजी असतें, आणि अ‍ॅप बहुधा इंग्रजी बाजूच वाचतें. रोमन लिपींत 'काळे' आणि 'काले' हीं आडनांवें एकाच तऱ्हेनें लिहिलीं जातात. कार्ड उलटून पाहिलें नाहीं, तर फोनमध्यें काळे यांचे काले होतात, आणि पुढच्या भेटींत हांक मारीपर्यंत कोणाच्या तें ध्यानांतही येत नाहीं.